झाड मी सरकवलं

निसर्गाने तुम्हाला काय दिलं, असं मला अलीकडे वर्षातून दोनतीनदा तरी कोणीतरी विचारतं. विचारणारी बहुधा तिशीतली एखादी शिक्षिका असते, डोक्यावर उन्हाची टोपी असते, आणि मागे चित्रकला शिबिराची पोरं टेकडीवरच्या एकुलत्या एका झाडाच्या सावलीसाठी भांडत असतात. पाखरांनी मला ताल दिला आणि ढगांनी रंग दिले, असं काहीतरी मी म्हणावं, अशी तिची अपेक्षा असते. मी म्हणते, "तळपायात काटे दिले, मानेवर घामोळं दिलं आणि माझं ठरत आलेलं लग्न मोडून दिलं." ती हसते. तिला वाटतं, बाई मोठ्या विनोदी आहेत. मग माझं डोकं फिरतं, कारण मी विनोद केलेलाच नसतो. आता गुडघे गेले, शिबिरांना जाणं मी बंद केलंय, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

आम्ही मलकापूरला राहायचो, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीत. बाबा जीनमध्ये कामाला होते. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगामात त्याची घरघर दिवसभर आमच्या घरात भरून असायची, आणि ती थांबली की आपण सगळे विनाकारण ओरडून बोलतोय, हे एकदम लक्षात यायचं. बाबा घरी यायचे ते भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मिशीत कापसाचे तंतू घेऊन. माय त्यांना दारातच उभं करायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्याने झाडून काढायची. "घरात कापूस नका आनू बाप्पा, मी दिसभर तेच वेचून आली," असं रोज म्हणायची. कारण माय लोकांच्या वावरात, म्हणजे शेतात, वेचणीला जायची. आमच्या घरात एकीने कापूस वेचायचा, दुसऱ्याने तो यंत्रात घालायचा, आणि घरात कापसाची गादी मात्र एकही नव्हती. गोधड्यांवर झोपायचो आम्ही.

बाबांना वावराचं वेड होतं. आमच्याकडे वावर नव्हतं, आजोबांकडे नव्हतं, त्यांच्या बापाकडेही नव्हतं, त्यामुळे हे वेड कुठून आलं ते कोणालाच माहीत नाही. पण ताट पुढे आलं की ते सुरू व्हायचं. हिवाळ्यात माय पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. त्यांचा जाळ भसकन पेटतो आणि वांग्याची साल करपून जो वास सुटतो तो तुमच्या गॅसवर जन्मात येणार नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, भरीत, वरून कच्चं तेल. बाबा पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, "वावर असतं तं वांगं घरचं असतं." कांदा फोडला की, "वावर असतं तं कांदा घरचा असता." एकदा तर मीठ घेताना सुरुवात केली आणि मग स्वतःच थांबले. माय कावायची. "असतं तं, असतं तं! वावराबिगर तुमच्या नरड्याखाली घास उतरत नाही का?" बाबा गप्प जेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मॅट्रिक झाल्यावर मी घरीच होते. माय म्हणाली, घरात बसून भिंती कोळशाने खराब करते, त्यापेक्षा चल वेचायला. अशी मी निसर्गाच्या सान्निध्यात गेले. हौसेने नाही, हाताला धरून नेली गेले. नळगंगेच्या बाजूला पाटलांचं मोठं वावर होतं, तिथे आमच्या वस्तीतल्या बायका जायच्या. कमरेला ओटी बांधायची, ओळ धरायची, बोंडातून कापूस ओढून ओटीत भरायचा. ऐकायला सोपं वाटतं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, बोटांना चरे पडतात, ऊन मानेवर बसतं आणि पाठ संध्याकाळपर्यंत सरळ होत नाही. ज्यांना निसर्ग फार आवडतो त्यांनी एक ओळ वेचून दाखवावी, मग बोलू.

मी त्या वावरातली सगळ्यात वाईट वेचणारी होते. कारण माझे हात थांबायचे आणि डोळे सुरू व्हायचे. मला दिसायला लागलं होतं, त्याला मी काय करू! कापूस पांढरा नसतो, हे मला तिथे कळलं. सकाळी तो किंचित पिवळा असतो, दुपारी त्याच्याकडे बघवत नाही, आणि सावलीतलं बोंड तर चक्क राखाडी दिसतं. काळी जमीन काळी नसते. भेगेच्या आत ती काळी असते, वर तपकिरी, आणि दूर दक्षिणेला बुलढाण्याच्या घाटाची जी रेघ दिसते तिच्या पायथ्याशी गेल्यावर निळी होऊन जाते. आणि विहिरीपाशी एक हिवर होता. हिवर म्हणजे बाभळीच्याच जातीचं झाड, पण खोड पांढुरकं आणि माथा वरून सपाट, पसरलेला. त्याचं खोड मध्येच एकदा वाकून पुन्हा सरळ झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत बायका त्याखाली भाकरी सोडायच्या आणि मी लांब उन्हात बसून त्याला काढायची. मामाच्या स्टुडिओतून फोटोच्या कागदाच्या पाकिटांचे पुठ्ठे आणलेले असायचे, आणि चुलीतला कोळसा. माय तिथून हाका मारायची. "इमल! पऱ्हाटीले पाहाचे पैसे भेटत नाही व माय! सावलीत ये, काळी ठिक्कर पडशीन, कोन करन तुले?" माझं नाव विमल. ते आमच्याकडे कोणी कधी नीट उच्चारलं नाही, ही अजून वेगळी कटकट.

मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ वसंता. त्याचा फोटोचा स्टुडिओ स्टेशनच्या रस्त्यावर होता. एक खोली, दोन मोठे दिवे, एक स्टूल, खिळ्याला टांगलेला एक कोट, आणि मागे पडदा. पडद्यावर तळं रंगवलेलं होतं, तळ्यात हंस, काठाला संगमरवरी पायऱ्या. आसपासच्या खेड्यांतली निम्मी लग्नं त्या हंसापुढे ठरली असतील. एका हिवाळ्यात उंदरांनी तो पडदा बरोबर मध्ये कुरतडला. "उंदरानं हंस खाल्ला," असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसला. मग मला म्हणाला, "इमल, तू एवीतेवी पुठ्ठे काळे करत राह्यते, तं एक पडदा काळा करून दे." कोरं कापड ताणून दिलं, काजळी, खडूची पूड आणि सरस दिला, आणि कॅलेंडरचं एक पान दिलं. पानावर काश्मीर होतं. फोटो काळेपांढरे, म्हणून पडदाही काळापांढराच करायचा असायचा.

आठ दिवस मी काश्मीरशी भांडले. मी बर्फ पाहिला होता तो रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला आणि भुसा लागलेला. डोंगरावर तो कसा बसतो, घसरतो का, त्याची सावली कुठे पडते, मला काय ठाऊक? कॅलेंडरचं पान तर नखाएवढं वाटायला लागलं. मामा आला, लांब उभा राहिला आणि म्हणाला, "हा बर्फ हाये का कापसाची गंजी?" मला इतका राग आला! आणि सगळ्यात जास्त राग याचा आला, की त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो माल आणायला भुसावळला गेला, दोन दिवस येणार नव्हता. मी काश्मीरवरून ब्रश फिरवला. बर्फाचा कापूस केला, सूचीपर्णी झाडांच्या पऱ्हाट्या केल्या, हिमालय खाली दाबून बुलढाण्याच्या घाटाची रेघ केली. हात कुठेही अडला नाही. डोळे मिटले तरी प्रत्येक बोंड दिसत होतं, मायच्या शिव्या खाऊन पाहिलेलं.

फक्त एक अडचण आली. हिवर खरा उजव्या बाजूला होता, विहिरीपाशी. पण स्टुडिओत दिव्यांमुळे स्टूल उजवीकडे ठेवावं लागायचं. झाड जिथल्या तिथे काढलं असतं तर फोटोतल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यातून हिवर उगवला असता. मी थोडा वेळ बघत बसले आणि मग झाड उचलून डावीकडे नेलं. विहीर काढलीच नाही. आणि पडदा एकदम सुधरला. ओळी उजवीकडे पळायला लागल्या, झाडाने डावी बाजू धरून ठेवली, मध्ये माणसाला जागा झाली. पाहिलेलं जसंच्या तसं उतरवायचं नसतं, ते आपण मांडायचं असतं, हे मला त्या खोलीत, सरसाच्या वासात कळलं. आनंदाने मी एकटीच मोठ्याने हसले. पुढे पुष्कळ चित्रं केली, पण तसं हसू पुन्हा फारसं आलं नाही.

मामा परत आला आणि स्टुलावरच बसला. "अव पोरी, हे काय करून ठेवलं व?" दुसऱ्या दिवशी एक जोडपं आलं, नवी कोरी कापडं, नवऱ्याच्या डोक्याला फेटा. त्या माणसाने पडदा पाहिला आणि दारातच थबकला. "काऊन बाप्पा, आमी वावरातूनच तं आलो! अथीसा बी वावरच? हंस कुठी गेला?" आणि बायकोला घेऊन सरळ दुसऱ्या स्टुडिओत गेला. असे बरेच गेले. कोणालाच फोटोत वावर नको होतं. आता बघते, तर लोक मोटारी रस्त्यात थांबवून दुसऱ्याच्या सूर्यफुलांत शिरतात, तोंडं वाकडी करून स्वतःचे फोटो काढतात आणि रोपं तुडवून निघून जातात. तेव्हा हे लोक कुठे मेले होते, असं मला वाटतं. मामाने जाहीर केलं की हाताला थोडी सवड मिळाली की या पडद्याला पांढरा फासणार आणि जालन्याच्या पेंटरकडून काश्मीर करून घेणार.

त्या सवडीच्या आधीच माझं स्थळ आलं. मेहकरकडचं, आपल्यातलंच बौद्ध कुटुंब. मुलगा शाळेत कारकून, घरी हलकी मुरमाड शेती. मुलाचे वडील सुखदेवराव, जुन्या वळणाचे शेतकरी. त्यांना फोटो पाहिजे होता. मामीची साडी नेसवून मला स्टुलावर बसवलं, मामाने हनुवटी धरून मान वळवली, "हास, पन दात नको दाखवू," म्हणाला आणि फोटो काढला. मागे पडदा तोच, दुसरा होताच कुठे? फोटोत मी यथातथाच आले. वावर मात्र असं आलं की मामानेसुद्धा फोटो दोनदा दिव्यापुढे धरून पाहिला. पडदा थोडा धूसर राहतो ना, त्यात ब्रशचे फटकारे विरले आणि उरला नुसता कापूस.

बाबा तो फोटो घेऊन मेहकरला गेले आणि संध्याकाळी परतले. माय भाकरी थापत होती. बाबा नेहमीसारखे झाडून घ्यायला दारात थांबले नाहीत, सरळ येऊन चुलीपाशी बसले. म्हणाले, "सुखदेवरावाले फोटो पसंत पडला."

"पोरगी पसंत पडली म्हना," माय म्हणाली.

"तेच. पन त्यायनं इचारलं, मांगचं वावर तुमचंच का?"

"मंग?"

"मी हाव म्हनलं."

मायच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. "तुमी हाव म्हनलं?"

"तोंडातून निंगून गेलं."

"मंग वापस नाही घेता आलं?"

"घेता आलं असतं," बाबा म्हणाले. "पन एक घडी मले लय चांगलं वाटलं व."

तव्यावरची भाकरी करपली, तरी मायने ती उलटली नाही. मी कोपऱ्यात बसून जळत होते. मुलगी पाहायची म्हणून फोटो मागवणाऱ्या लोकांनी तो पाहिला, आणि पाहिलं काय, तर वावर! माझं नाक कसं आहे, मी मॅट्रिक किती मार्कांनी पास झाले, कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याही होत होत्या. जमिनीत जन्म गेलेल्या शेतकऱ्याने माझी काजळी खरी मानली होती. हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. मीच कोणाला सांगणार होते?

पाहुणे येणार तो दिवस बाबांनी हुशारीने ठरवला. पाटलांच्या घरी लग्न होतं, त्या दिवशी वेचणी बंद, वावरात चिटपाखरू नसणार. शिवाय बाबांचा अंदाज असा, की पाहुणे उशिरा येतील, मुलगी पाहतील, जेवतील आणि शेवटची एसटी गाठतील, वावर पाहायला वेळच उरणार नाही. सुखदेवराव पहिल्या गाडीने आले. बरोबर मुलगा आणि धाकटा भाऊ. जयभीम झाला, पाणी झालं. मायने सकाळपासून वांगी भाजून ठेवली होती, घरभर तो वास. सुखदेवराव म्हणाले, "पयले वावर पाहू, मंग निवांत जेवू." आणि वर म्हणाले, "पोरीलेबी घ्या संगं. तिचाच तं फोटो काढला ना वावरात." मी मायकडे पाहिलं, मायने वर पाहिलं. आम्ही निघालो.

मी बाबांच्या मागून चालत होते, आणि ती चाल माझ्या ओळखीची नव्हती. जीनमधून येणारे बाबा मान घालून, भराभर चालायचे. त्या दिवशी गाडरस्त्याने ते हात पाठीमागे बांधून संथ चालले होते, मधूनच एखादं बोंड बोटाने उचलून बघत होते, धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगड पायाने बाजूला सारत होते. पाटील असेच चालायचे. सुखदेवरावांनी वाकून ढेकूळ उचललं, चुरलं, हुंगलं. "काय जमीन हाये दौलतभाऊ! आमच्या इकडं नुसता मुरूम. लोनी हाये लोनी." बाबा म्हणाले, "मेहनतबी तशीच लागते." मला त्यांची कीव आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

मग सुखदेवरावांनी खिशातून फोटो काढला. एकदा फोटो, एकदा वावर, एकदा फोटो. "दौलतभाऊ, हिवर कुठी गेला?"

"हाये ना. तो का, इहिरीपाशी."

"तो तं उजव्या हाताले हाये. फोटोत डाव्या हाताले हाये."

"फोटो तिकडल्या आंगानं काढला असन," बाबा म्हणाले.

दुसरा कोणी असता तर मान हलवून गप्प बसला असता. पण हा शेतकरी. पऱ्हाट्यांतून वाट काढत सुखदेवराव खरोखर पलीकडे गेले, तिथे उभे राहिले, फोटो डोळ्यांपुढे धरला आणि ओरडले, "अथून मांगं घाट कसा येईन? घाट तं माह्या पाठीमांगं हाये!"

बाबांच्या कपाळावर घाम आला. "मशीनमधी उलटंबी येते कधी कधी."

"उलटा आला असता तं पोरीचा पदरबी उलट्या खांद्यावर आला असता," धाकटा भाऊ म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

सुखदेवराव परत आले. त्यांना अजून संशय नव्हता, फक्त कोडं पडलं होतं. झाड काही चालत जात नाही. शेवटी त्यांनी फोटोवर टिचकी मारली. "म्हंजे हा फोटोच खराब हाये."

बुडत्याला काडी मिळावी तसं झालं बाबांना. "हाव, हाव, खराबच हाये! तो फोटोवालाच आडानी हाये. काईच्या काई करून ठेवते. त्याले काय समजते!"

एवढं ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवस काश्मीर, दोन दिवस वावर, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली ती वेगळी, आणि आता माझा बाप म्हणतो खराब! मी म्हटलं, "खराब नाही हाये. झाड मी सरकवलं."

चौघेही माझ्याकडे वळले. आणि मी थांबले नाही. अंगात आल्यासारखी बोलत सुटले. झाड तिथंच ठेवलं असतं तर माणसाच्या डोक्यातून उगवल्यावानी दिसलं असतं, म्हणून ते डावीकडे नेलं, विहीर मुद्दाम गाळली, ओळी चार कमी केल्या आणि लांब खेचल्या, सावल्या सगळ्या एका बाजूने पाडल्या, अन् याला चुका म्हणत नाहीत, हे सगळं विचार करून केलंय. एवढं भाषण मी आयुष्यात कोणापुढे केलं नव्हतं. "सरसात काजळी कालवून केलं पूरं," मी शेवटी सांगितलं, "कपड्यावर." आणि तेव्हा माझी नजर बाबांकडे गेली.

त्यांचे पाठीमागे बांधलेले हात सुटून खाली लोंबत होते. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. खरं बोलायचं म्हणून मी बोलले नव्हते, हे मी या वयात कबूल करते. माझ्या चित्राला नाव ठेवलं म्हणून बोलले. त्यासाठी माझ्या बापाचं वावर मी त्याच्या पायांखालून काढून घेतलं.

सुखदेवरावांनी हळू विचारलं, "मंग हे वावर कोनाचं हाये, दौलतभाऊ?"

"पाटलाचं," बाबा म्हणाले. "हिची माय वेचते अथी."

सुखदेवरावांनी वाकून पुन्हा चिमूटभर माती उचलली. मग ती खाली सोडली, हात झटकले. "वावर नसतं तरी चाललं असतं, भाऊ. माह्या पोराले नौकरी हाये. पन खोटं नाही चालत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो बाबांना परत दिला, हात जोडले आणि धुऱ्यावरून तसेच रस्त्याकडे वळले. मुलगा सगळ्यात मागे होता. तोवर तो एक शब्द बोलला नव्हता. जाताना थांबला, हिवराकडे पाहिलं, बाबांच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला, "डाव्या हातालेच बरं दिसते." माझ्या चित्रावरची ती पहिली समीक्षा. नंतर पुष्कळ झाल्या, मोठमोठ्या लोकांनी केल्या, इतकी नेमकी एकही नाही. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

घरी मायने आमची तोंडं पाहिली आणि सगळं ओळखलं. "एकीनं वावर बनवलं, एकानं घेतलं," ती म्हणाली, "अन् मधात मीच येडी, वेचत राह्यली! हे पातेलंभर भरीत आता कोन खाईन?" आम्हीच खाल्लं, दोन दिवस. बाबा पहिला घास घेऊन काहीही म्हणाले नाहीत. कांदा फोडला, मीठ घेतलं, तरी नाही. 'असतं तं' हे शब्द त्यांनी टाकूनच दिले. मी रोज वाट बघायची की ते मला मारतील किंवा निदान शिवी देतील. मायने तर एकदा स्वतःच सुरुवात करून पाहिली, "वावर असतं तं वांगी घरची असती, नाही का हो?" बाबा पाणी प्यायले आणि उठले. त्या दिवशी चुलीपुढे बसून माय रडली. ज्या वाक्याने तिने इतकी वर्षं कपाळाला हात लावला, त्याच वाक्यासाठी रडली.

मामाने चुना भिजवला तो दिवस मला आठवतो. पडद्याला पांढरा फासायला मलाच बोलावलं होतं. जुना ब्रश हातात घेऊन मी उभी होते, आणि भरदुपारी बाबा दारात आले. जीनमधून मधल्या सुट्टीत, तसेच. भुवयांवर कापूस, मिशीत कापूस. मामाला म्हणाले, "वसंता, पांढरं माराच्या पयले माहा एक फोटो काढ."

मामा गडबडला. खिळ्यावरचा कोट काढायला लागला. "घालता का भाऊजी?"

"नाही."

"मंग थांबा, तोंडावरचा कापूस तं पुसतो."

बाबांनी त्याचा हात धरला. "राहू दे."

पडदा त्यांनी त्याआधी कधी पाहिलाच नव्हता, फक्त फोटोत पाहिला होता. ते जवळ गेले, इतके जवळ की त्यांना नुसते फटकारेच दिसत असतील. बोटाने एका बोंडाला हात लावला, बोटाला खडू लागला. मग मागे सरकले, आणि सरकता सरकता एका जागी त्यांना वावर दिसलं. ते मला चेहऱ्यावरून कळलं. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी मला विचारलं, "कुठी उभा राहू व, इमल?"

माझ्या बापाने मला काही विचारल्याची ती पहिली वेळ. मी चिडूनच बोलले. "उजव्या हाताले. झाडापासून दूर राहा." ते मी सांगितलं तिथे उभे राहिले. हात पाठीमागे बांधले, मान सरळ केली. मामाने फोटो काढला. बाबा जाताना दारात म्हणाले, "वसंता, तू ते चित्राच्या मास्तरकीच्या कोर्साचं म्हनत होता ना? धाड हिले. अथी राहून हे लोकायचे लग्न मोडत राहीन." आणि भोंगा झाला म्हणून भराभर, मान घालून, जीनकडे निघून गेले. मी पडद्याला चुना फासला. पहिला हात घाटावर मारला, शेवटचा हिवरावर.

त्या कोर्समुळे मी चित्रकला शिक्षिका झाले, आणि बुलढाण्याच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत पोरांच्या वहीतली नारळाची झाडं खोडत राहिले. आमच्या जिल्ह्यात नारळ कुठून आला, विचारलं तर पोरं म्हणायची, बाई, चित्रात असतोच. त्यावर किती घसा फोडला, त्याचा हिशोब नाही. फोटो माझ्या बैठकीत लावलेला आहे. बाबा, पाठीमागे हात, भुवयांवर पांढरं, आणि मागे घाटापर्यंत फुटलेला कापूस. ज्यांना निसर्गाचं प्रेम आहे असे लोक घरी आले की त्याच्यापुढे हमखास थांबतात. गेल्या महिन्यात अशीच एक मुलगी आली होती, उन्हाची टोपी हातात. म्हणाली, "किती सुंदर! बाई, हे शेत तुमचंच होतं का?"

उभ्या जन्मात मी मुलांना एकच शिस्त लावली, की खोटं बोलायचं नाही.

"हाव," मी म्हटलं. "आमचंच."